‘आधी स्वतः सावरा, मग मुलाचं तोंड बघा’ म्हणणाऱ्या ताईंना

‘एक आई’ या नावाने लिहिणाऱ्या ताई,

वेगळं राहणाऱ्या बापांनी मुलाच्या भेटी कशा सांभाळाव्यात या माझ्या लेखावर तुम्ही बरंच लिहिलंत. ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. माझं म्हणणं होतं, नोकरी गेली, नैराश्य आलं किंवा दारू सोडायची धडपड चालू असली तरी भेट रद्द करू नका, लहान करा. त्यावर तुमचे चार आक्षेप. ‘असल्या बापांनी आधी स्वतः सावरावं, मग मुलाचं तोंड बघावं.’ मी मुलाला बापाच्या दुखण्यावरचं औषध बनवतोय. लेख वकिलाच्या नोटिशीसारखा झालाय, मूल त्यात दिसतच नाही. आणि पोटगीवर एक ओळ लिहून मी मोकळा झालो.

शेवटचं मान्य. एकच ओळ होती, त्याबद्दल खाली बोलतो. नोटिशीबद्दल एवढंच, की लेख बापांसाठी होता आणि त्यांच्या हातात बहुतेक वेळा कोर्टाचा कागदच असतो. भाषा त्याच्या जवळ जाणारच. औषधाच्या आक्षेपावर मूळ लेखात दोन परिच्छेद आहेत. ते वाचून झाल्यावर बोलू.

आता ‘असल्या’ या शब्दाबद्दल. असल्या म्हणजे कसल्या हो? कंपनी बंद पडली म्हणून पाच महिने घरी बसलेला? गोळ्या चालू असलेला? कॉट बेसिसवर राहणारा आणि पाहुणा आणायची परवानगी नसलेला? तुम्ही सगळ्यांना एकाच पोत्यात भरलंत आणि वर ‘तोंड बघावं’ अशी भाषा. तुमचं हे वाक्य वाचून एखादा माणूस रविवारी घरीच बसेल. त्यानंतर तुमच्यासारखंच कुणीतरी म्हणेल, बघा, आलाच नाही.

‘एसीत बसून सल्ले देणं सोपं आहे’ असंही लिहिलंत. मी स्वतः विभक्त बाप आहे. मुलगा आता कॉलेजात आहे आणि फॅमिली कोर्टाच्या बाकांवर माझी बरीच वर्षं गेली आहेत. याहून जास्त सांगणार नाही. त्या गोष्टीत मुलाचाही वाटा आहे आणि ती सांगायला मी त्याला विचारलेलं नाही. पण एसी मला लागू नाही.

मुख्य मुद्दा तो पहिलाच. ‘आधी सावरा’ हे ऐकायला बरं वाटतं, त्याचा हिशोब मात्र कुणी करत नाही. नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्या की पहिला फरक जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, नीट फरक पडायला सहा ते आठ. बरं वाटल्यावरही डॉक्टर त्या किमान सहा महिने चालू ठेवतात. पहिल्या गोळीचा उपयोग झाला नाही आणि ती बदलावी लागली, तर घड्याळ पुन्हा शून्यापासून. म्हणजे सावरणं जूनमध्ये सुरू झालं तर शाळेचं वर्ष तिथेच संपलं. चार वर्षांच्या मुलाला सहा-आठ महिने बाप दिसला नाही, तर तो परत आल्यावर अनोळखी माणसाच्या अंगावर मूल जसं रडतं तसं रडतं. मग ते रडणंच अर्जात लिहिलं जातं : मूल वडिलांकडे जायला तयार नाही.

कोर्टातही असंच घडतं. तिथे मुलाचं हित सर्वांत वर, बापाचा किंवा आईचा हक्क त्यानंतर. १८९०च्या पालकत्वाच्या कायद्यातलं कलम १७ तेच सांगतं, आणि मूल समजण्याइतकं मोठं असेल तर त्याची इच्छाही कोर्ट विचारात घेऊ शकतं. सहा महिने न भेटलेल्या मुलाची इच्छा काय असणार, सांगा. मुलाच्या ताब्याचे हुकूम कायमचे नसतात, परिस्थिती बदलली की ते बदलता येतात, हे सुप्रीम कोर्टाने १९७३ साली रोझी जेकब खटल्यात स्पष्ट केलंय. ते दोन्ही बाजूंनी लागू पडतं. कोर्टातल्या मुलांच्या खोलीत भेट ठरलेली असेल तर कोण आलं, कोण नाही याची नोंद राहते. तुमची अनुपस्थिती ओळीने चार वेळा दिसली, की घरी रात्रभर राहण्याची परवानगी मागणारा तुमचा अर्ज कोण मंजूर करणार?

म्हणून भेट लहान करा, म्हणालो. ती कशी करायची हे त्या लेखात घाईत आलं होतं, तेव्हा इथे सविस्तर.

आधी कागद. हुकमात नुसतं ‘दुसऱ्या व चौथ्या रविवारी भेट’ एवढंच असेल तर भांडण ठरलेलं. वेळ, ठिकाण, ने-आण कोण करणार, मूल आजारी असेल तर आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत कळवायचं, हुकलेली भेट कधी भरून काढायची, हे सगळं लिहून घ्या. त्यात आणखी एक वाक्य घाला : वडिलांची प्रकृती ठीक नसल्यास चोवीस तास आधी कळवून त्याच दिवशी किमान पाऊण तासाची भेट होईल. दोन्ही पक्ष तयार असतील तर संमतीची पुरशिस, म्हणजे कोर्टाला दिलेलं छोटं लेखी निवेदन, देऊन हे नोंदवता येतं, लांबलचक अर्जाची गरज नाही. चाकणसारख्या ठिकाणी शिफ्टमध्ये काम करणाऱ्याने ठरावीक रविवार मागूच नये. ‘महिन्यातले दोन रविवार, त्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत कळवून’ असं लिहून घ्यावं, नाहीतर आठवड्याला शिफ्ट फिरली की भेट हुकते आणि दोष त्याच्या नावावर जमा होतो.

आता प्रत्यक्ष भेट. तीन तासांच्या भेटीत पहिली पंधरा-वीस मिनिटं मुलाची असतात. ते मोबाइलमध्ये बघेल, चपलेने माती उकरेल, तुमच्याकडे पाठ करून बसेल. मिठी मागू नका, ‘आठवण आली का’ विचारू नका. मध्ये एकच गोष्ट ठरवा : फिरायला जाणं, सायकल, कॅरमचे दोन डाव. तिन्ही नकोत. शेवटची वीस मिनिटं आधीपासून सांगून ठेवायची : आता दोन डाव राहिले, मग केळं खायचं, मग आई येणार. दप्तर तपासा, बाटली, रुमाल, डबा. एखादी वस्तू तुमच्याकडे राहिली की त्यावरून फोन, फोनवरून वाद.

वाईट दिवसांत बिघडतं ते नेमकं शेवटी. सुरुवातीला बाप कसाबसा उभा राहतो, दोन तासांनी ताकद संपते, आणि निरोपाच्या वेळी तो मुलाला छातीशी धरून रडतो. मूल घाबरतं. पुढच्या वेळी ते भेटीच्या दिवशी सकाळपासूनच ‘पोट दुखतंय’ म्हणायला लागतं. म्हणून अशा दिवशी पाऊण तासच भेटायचं, ताकद शिल्लक असतानाच उठायचं. मुलाला एक वाक्य पुरतं : आज बाबाला बरं नाहीये, म्हणून आपण थोडाच वेळ खेळू, पुढच्या रविवारी पुन्हा. त्यापुढे खुलासा नको. ‘तू आहेस म्हणून मी जगतोय’ हे तर मुळीच नको. हे मूळ लेखात होतं, ताई, ‘औषध’ म्हणण्याआधी.

दारूबद्दल लेखात कमी होतं, ते इथे. मुलाला भेटायच्या आदल्या रात्री एक क्वार्टर, म्हणजे १८० मिली, ४२.८ टक्क्यांची, म्हणजे साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल. शरीर तासाला सात-आठ ग्रॅम जाळतं. रात्री बाराला बाटली संपली तर सकाळी आठ-साडेआठ वाजेपर्यंत ती रक्तात असू शकते, यकृत बिघडलेलं असेल तर आणखी उशिरापर्यंत. दोन क्वार्टर असतील तर दुपार होते. आंघोळ, कॉफी, लिंबूपाणी यांनी वास कमी होतो, दारू नाही. सकाळी दहाची भेट असेल तर आदली संध्याकाळ कोरडी हवी, एवढं साधं गणित.

उलट चूकही तितकीच धोक्याची. रोज पिणारा माणूस रविवारच्या भेटीसाठी शुक्रवारी एकदम सोडतो. हात थरथरतात, घाम फुटतो. झटके येतात ते साधारण पहिल्या दोन दिवसांत, आणि भ्रम होऊन माणूस बरळायला लागतो ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. म्हणजे नेमका रविवार, सोबत मूल आणि रस्त्याला वाहनं. रोज पिणाऱ्याने सोडायचीच असेल तर डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडावी आणि ते दिवस भेटीचे नकोत. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून हेच काम करतंय. निवासी उपचार म्हणजे महिनाभर किंवा थोडं जास्त. त्या काळात भेट होणार नाही हे वकिलामार्फत आधी कळवा, ‘वैद्यकीय कारण’ एवढं लिहून दाखला जोडा, आणि त्याबदली केंद्राच्या नियमांत बसेल तसा फोन मागा. न सांगता गायब होणं आणि सांगून जाणं यात कोर्टाच्या नजरेत फार मोठा फरक असतो. तपशील चारचौघांत नको असेल तर फॅमिली कोर्टात बंद दाराआड सुनावणी मागता येते, फॅमिली कोर्ट कायद्याचं कलम ११.

फोनला कमी लेखू नका. यशिता साहू खटल्यात २०२० साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं, की ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकालाही मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता यायला हवं. वेळ ठरवून घ्या, अभ्यास झाल्यावर, जेवणाआधी. एकदा लावा. उचलला नाही तर एक मेसेज आणि बस. सलग बारा मिस्ड कॉल लावलेत तर त्यांचा स्क्रीनशॉट पुढच्या तारखेला निशाणी, म्हणजे कोर्टातला पुरावा, होऊन येतो.

राहायला जागा नसेल तर रात्रभराची भेट मागूच नका, आधी दिवसाची मागा. कोर्ट विचारणार, मुलगा झोपणार कुठे, घरात आणखी कोण असतं. आत्याचं किंवा आजीचं घर दाखवता आलं तर त्यांचं संमतीचं शपथपत्र जोडा, नुसता पत्ता लिहून भागत नाही. आणि तिथे मुलाचा ब्रश, एक चादर, एक कप्पा असू द्या. दर वेळी पिशवीतून घर घेऊन आलं तर मुलाला ते घर वाटत नाही.

तुमच्या बाजूचंही बोलतो, नाहीतर म्हणाल एकांगी. काही वेळा न जाणंच बरोबर असतं. प्यायलेले असाल, हात उगारण्याइतका राग असेल किंवा जीव द्यायचे विचार येत असतील, तर भेट नाही, पाऊण तासही नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं, आधी तो लावा. तब्येत सुधारेपर्यंत आजीच्या किंवा समुपदेशकाच्या समोर भेट मागता येते. पण हा अपवाद आहे, ताई. तुम्ही त्याचा नियम केलात.

राहिली पोटगी. भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवता येत नाही, आणि पोटगी थकली म्हणून मुलाला दाराआड ठेवता येत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं वाक्य माझ्या लेखात होतं. दुसरं तुमच्या प्रतिक्रियेत मला दिसलं नाही. नोकरी गेली असेल तर रक्कम कमी करून घ्यायला अर्ज करा, हप्ते आपोआप थांबत नाहीत आणि थकबाकी वाढत राहते. २०२०च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं जे शपथपत्र द्यावं लागतं, ते रकान्यागणिक कसं भरायचं यावर वेगळा लेख टाकतोय. तो पूर्ण वाचून मग लिहा. आणि ‘असल्या’ हा शब्द तेवढा वगळा.