क्लीव्हलंडमध्ये राहायचंय? मग क्वार्टरबॅकविषयी मत ठेवा

नोकरीनिमित्त तुम्ही क्लीव्हलंडला आलात. घर घेतलंत, बर्फ उपसायचं फावडं घेतलंत, मंडळाची वर्गणीही भरलीत. तरीही सोमवारी सकाळी ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी तुम्हाला कोणी विचारत नाही, कारण ब्राउन्सचा, म्हणजे गावच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, क्वार्टरबॅक कोण असावा याबद्दल तुम्हाला काहीच म्हणायचं नसतं. हे चालणार नाही. या गावात एक वेळ डोक्यावर छप्पर नसलं तरी चालतं, पण क्वार्टरबॅकविषयी मत लागतंच. (छप्पर नसलेल्या माणसाच्या मताला इथे केवढी किंमत आहे, ते पुढे येईलच.)

घाबरू नका. अमेरिकन फुटबॉल कळायची काही गरज नाही. भारतीय क्रिकेटच्या निवड समितीला घरबसल्या अक्कल शिकवण्यात तुमची वर्षानुवर्षांची उमेदवारी झालेली आहे. ती इथे जशीच्या तशी वापरता येते, फक्त थंडी जास्त असते. नियमांपैकी एवढंच लक्षात ठेवा, की मैदानात दोन्हीकडचे अकरा-अकरा जण उतरतात. त्यातल्या एकाच्या हातात जवळजवळ प्रत्येक वेळी चेंडू येतो आणि कुणाकडे फेकायचा हे तोच ठरवतो. तो क्वार्टरबॅक. आणि दर एप्रिलमध्ये ड्राफ्ट होतो. ३२ संघ, सात फेऱ्या, कॉलेजातून निघालेल्या पोरांची वाटणी. आदल्या हंगामात जो सगळ्यात वाईट हरला, त्याला पहिली निवड. त्यामुळे पहिल्या निवडीचा अनुभव ब्राउन्सइतका फार थोड्यांना आहे.

आता मूळ तत्त्व. आपल्या संघातला सर्वोत्तम क्वार्टरबॅक म्हणजे जो सध्या खेळत नाही तो. खेळणाऱ्याच्या चुका सगळ्या गावाला दिसतात. बाकावर बसलेल्याची एकही चूक अजून कुणी पाहिलेली नसते. तो उतरला आणि चुकला, की लगेच तिसऱ्याकडे वळा. २०२५ साली हे तत्त्व वापरायला सुवर्णसंधी होती. चाळिशीचा जो फ्लॅको हाताशी होता. फिलाडेल्फियाहून केनी पिकेट आणला होता. ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीत डिलन गॅब्रिएल घेतला आणि पाचव्या फेरीत, १४४व्या क्रमांकावर, शदूर सँडर्स. हा सँडर्स पहिल्याच फेरीत जाईल असं भाकीत कित्येक जाणकारांनी केलं होतं, आणि वडील डिऑन सँडर्स म्हणजे या खेळातलं बडं प्रस्थ. त्यामुळे ‘बापाच्या नावावर आलाय’ आणि ‘बापामुळेच मागे पडला’ ही दोन्ही मतं तयार मिळत होती. एक निवडून दुसऱ्याशी भांडायचं, एवढंच काम. पिकेट तर हंगामाआधीच विकला गेला. फ्लॅको सुरुवातीला खेळला आणि ऑक्टोबरात चक्क त्याच राज्यातल्या सिनसिनाटीला धाडला गेला. मग गॅब्रिएल आला, मग सँडर्स. एकाच हंगामात सगळ्या पक्षांची सत्ता येऊन गेली आणि एकाही पक्षाने मत बदललं नाही. आपला माणूस पडला तर म्हणायचं, ‘त्याला वेळच दिला नाही.’ दुसऱ्याचा पडला तर, ‘मी आधीच सांगत होतो.’

‘मी आधीच सांगत होतो’ हे वाक्य मात्र तयारीनिशी वापरावं लागतं. त्यासाठी काही साल-क्रमांक पाठ करा. २००० च्या ड्राफ्टच्या सहाव्या फेरीत ब्राउन्सने १८३व्या क्रमांकावर स्पर्गन विन नावाचा क्वार्टरबॅक घेतला. त्याच फेरीत १९९व्या क्रमांकावर न्यू इंग्लंडने टॉम ब्रेडी घेतला, आणि तो पुढे सात सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकला. २००४ साली ओहायोतच वाढलेला, ओहायोतच शिकलेला बेन रोथलिसबर्गर समोर असताना ब्राउन्सने सहाव्या क्रमांकावर केलन विन्स्लो घेतला, जो क्वार्टरबॅकच नव्हता. बेन अकराव्या क्रमांकावर शेजारच्या पिट्सबर्गला गेला आणि नंतरची जवळपास दोन दशकं क्लीव्हलंडला येऊन आपल्याला हरवत राहिला. २०१७ साली तर पुढे सुपर बोल जिंकणारा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सही समोरून गेला. ही नावं घेताना एक सुस्कारा टाका आणि म्हणा, ‘मला तेव्हाच वाटलं होतं.’ तेव्हा तुम्ही बारावीला होतात किंवा पुण्यात क्लासला जात होतात, हा तपशील कुणी विचारत नाही. खबरदारी एकच. ड्राफ्टच्या आधी आपलं भाकीत कुठे लेखी ठेवू नका. पश्चातबुद्धीचं सारं वैभव तिच्या तोंडीपणात आहे.

२२ या आकड्याचाही अभ्यास हवा. २००७ मध्ये ब्रेडी क्विन, २०१२ मध्ये ब्रँडन वीडन, २०१४ मध्ये जॉनी मॅन्झील. तिघेही क्वार्टरबॅक, तिघेही पहिल्या फेरीत नेमक्या २२व्या क्रमांकावर घेतलेले, आणि तिघांपैकी एकही टिकला नाही. वीडन तर ड्राफ्टच्या वेळीच २८ वर्षांचा होता. त्याआधीची काही वर्षं त्याने बेसबॉलच्या खालच्या दर्जाच्या संघांत चेंडू टाकण्यात घालवली होती. पण या सगळ्यांत मॅन्झीलचं प्रकरण शांतपणे समजून घ्या, कारण तुमच्या आत्मविश्वासाचा पाया तिथे आहे.

२०१४ च्या ड्राफ्टआधी कोणता क्वार्टरबॅक घ्यावा यासाठी ब्राउन्सने सुमारे एक लाख डॉलर मोजून एक अभ्यास करवून घेतला, अशी बातमी एका क्रीडावाहिनीने दिली. अभ्यासाचं उत्तर होतं टेडी ब्रिजवॉटर. दुसरीकडे संघाचे मालक जिमी हॅस्लम यांनी एका पत्रकाराला सांगितलं, की गावात जेवायला बाहेर पडलं तर जो तो क्वार्टरबॅक घ्या म्हणतो. रस्त्यावरच्या एका बेघर माणसानेही वर बघून ‘मॅन्झीलला घ्या’ म्हटलं. संघाने कोणाला घेतलं हे वर आलंच आहे. दोन हंगामांत मॅन्झील आठ सामन्यांत सुरुवातीपासून खेळला, त्यातले दोन जिंकला आणि २०१६ च्या मार्चमध्ये त्याला सोडून दिलं. आता, त्या बेघर माणसाला दोष देऊ नका. त्याने फुकट सल्ला दिला आणि तोही विचारल्याशिवाय. सगळे चाहते हेच करतात. फरक एवढाच, की त्याचा सल्ला मालकापर्यंत पोचला. तेव्हा उद्या तुम्हाला कोणी हिणवलं, की ‘तुला काय कळतं रे फुटबॉलमधलं?’, तर मान ताठ ठेवा. ज्यांना कळतं त्यांचा कागद एक लाखाचा होता, आणि तो कुठल्या खणात पडला असेल देव जाणे.

दर वर्षी फेब्रुवारीअखेर-मार्चमध्ये इंडियानापोलिसला या पोरांची सार्वजनिक तपासणी होते. तिला कंबाइन म्हणतात. आपल्या घरांतून ‘जरा चालून दाखव गं’ हे बंद झालं म्हणून हळहळणाऱ्या काकूंनी ती आवर्जून बघावी. इथे उंची मोजतात, वजन घेतात, चाळीस यार्ड पळवून दाखवतात आणि पंजा पसरून अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचं माप घेतात. पंजा लहान म्हणजे थंडीत चेंडू निसटणार, असा हिशेब. पिकेटचा पंजा साडेआठ इंच भरला, त्यावर महिनाभर काथ्याकूट झाला. जो बरोचा नऊ इंच भरला, त्यावरही झाला. २०२० मध्ये सिनसिनाटीने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि दुसऱ्याच हंगामात तो संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. तरीही पंजाचं माप सांगायला चुकू नका. ‘थंडीत एरी सरोवरावरचं वारं आलं की बघा’ असं म्हणून खिडकीबाहेर पाहिलंत, तर तुम्ही इथे वीस वर्षं आहात असं वाटेल.

जो थॉमसबद्दल मात्र चुकूनही बोलू नका. क्विन घेतला त्याच २००७ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर हा गडी घेतला. निवड जाहीर झाली तेव्हा तो वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात मासे पकडत होता. क्वार्टरबॅकच्या डाव्या अंगाने येणाऱ्यांना अडवणं हे त्याचं काम. ते त्याने सलग १०,३६३ डाव (चेंडू खेळात आला की एक डाव) एकही न चुकवता केलं. त्याच्या पाठीमागे क्वार्टरबॅक येत गेले, जात गेले, तो तिथेच उभा. २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. म्हणजे निवड शंभर टक्के बरोबर. तिच्यावर वाद कसला घालणार? दोन मिनिटांत विषय संपतो आणि सगळे आपापल्या टेबलावर कामाला जातात.

वाद हवा तर बेकर मेफील्ड काढा. २०१७ चा हंगाम आपण ०-१६ असा पार पाडला होता. चाहत्यांनी जानेवारीच्या कडाक्यात स्टेडियमभोवती गोल फिरून मिरवणूक काढली, म्हणजे वरून बघणाऱ्याला भला मोठा शून्य दिसावा. त्या शून्याच्या बदल्यात मिळालेल्या पहिल्या निवडीवर मेफील्ड आला. सप्टेंबर २०१८ मध्ये तो न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध मध्येच उतरला आणि ६३५ दिवसांनी संघ एक सामना जिंकला. एका बिअर कंपनीने गावभर कुलूपबंद फ्रीज ठेवले होते, ते त्या रात्री उघडले. जानेवारी २०२१ मध्ये त्याने पिट्सबर्गला त्यांच्याच घरी ४८-३७ असं हरवलं. बाद फेरीतला आपला तो १९९५ च्या जानेवारीनंतरचा पहिला विजय. पुढच्या हंगामात तो डाव्या खांद्याची दुखापत घेऊन खेळला आणि संघ हरू लागला. तेव्हा मूळ तत्त्वानुसार त्याला घालवायची वेळ झाली.

मार्च २०२२ मध्ये त्याच्या जागी ह्यूस्टनहून डेशॉन वॉटसन आणला. किंमत पहिल्या फेरीच्या तीन निवडी, शिवाय इतर काही. वर पाच वर्षांचे २३ कोटी डॉलर, पूर्ण हमीचे. वीसहून अधिक स्त्रियांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे लावले होते. त्याने आरोप नाकारले. लीगने पुढे त्याला ११ सामने बाहेर बसवलं आणि ५० लाख डॉलर दंड केला. या विषयावर बोलताना पक्क्या चाहत्याची शिस्त पाळा. त्या स्त्रियांबद्दल अर्धं वाक्य, ‘ते वाईटच हो, पण...’ आणि मग ‘पण’नंतर चाळीस मिनिटं वेतनमर्यादा, हमीची रक्कम आणि गेलेल्या निवडी. वॉटसन चांगला खेळला असता तर ते अर्धं वाक्यही लागलं नसतं. तो खेळला नाही आणि दुखापतींनी बसला, म्हणून आता सगळ्यांना नीतिमत्ता आठवते. हॅस्लम यांनीही नंतर हा नेम चुकल्याचं कबूल केलं. मेफील्ड दरम्यान टँपा बे संघाकडे जाऊन तिथला गट जिंकला. त्याच्याबद्दल विचारलं तर तुम्ही नेहमी त्याच्याच बाजूने होतात.

शेजारचे आजोबा ओटो ग्रॅहमचं नाव काढतील, त्यांना मध्येच तोडू नका. १९४६ ते १९५५ या दहा हंगामांत त्या माणसाने संघाला दहाही वेळा अंतिम सामन्यात नेलं आणि सात वेळा जिंकून दिलं. आजोबांना मनसोक्त बोलू द्या. शेवटचं अजिंक्यपद १९६४ चं, तेव्हा सुपर बोल जन्माला यायचा होता, आणि तो जन्मल्यापासून आपण त्यात एकदाही पोचलेलो नाही. पण हे आजोबांसमोर बोलू नये.

सप्टेंबरात सामने सुरू होतात, त्यांचा फार त्रास करून घेऊ नका. सामने म्हणजे ड्राफ्टच्या चर्चेतला व्यत्यय. मंडळाच्या गणपतीची आरती रविवारी दुपारी एकला ठेवू नका, एवढं मात्र कार्यकारिणीला सांगा. आणि संघाची जर्सी घ्यायची झाली तर पाठीवर नाव छापून घेऊ नका. टिम काउच हा १९९९ चा पहिला क्रमांक. त्याच्या २ नंबरच्या जर्सीवर नंतरच्या क्वार्टरबॅकांची नावं एकाखाली एक लिहून, आधीची खोडून, ती गावातल्या एका जाहिरात कंपनीच्या खिडकीत लावली होती. ती यादी लांबतच गेली आणि शेवटी जर्सीलाच निवृत्त केलं. तुम्ही कोरी घ्या, दोन मापं मोठी घ्या आणि पांढऱ्या चिकटपट्टीचं अख्खं रीळ घरात आणून ठेवा.