स्त्री अभ्यास केंद्र कसं चालवावं

अभिनंदन सर! तुमच्याकडे स्त्री अभ्यास केंद्राचा बोर्ड आला म्हणे. घाबरू नका, यात अभ्यास फारसा करावा लागत नाही.

आधी खोली. लेडीज रूममागे जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात ना, तीच द्या, चावी शिपायाकडे आणि शिपाई कायम बँकेत गेलेला. मग माणूस, म्हणजे बाईच. मराठीच्या नाहीतर होम सायन्सच्या मॅडमना अतिरिक्त कार्यभार द्यायचा. याच विषयात प्राध्यापकीची नेट परीक्षा पास झालेली पोरगी दारात उभी असेल तर तिला तासिका तत्त्वावर घ्या, मानधन मार्चनंतर म्हणा, कुठला मार्च ते सांगू नका.

पैशाचं विचारलं तर दिल्लीकडे बोट. यूजीसीने ही केंद्रं पंचवार्षिक योजनेच्या पैशावर उभी केली आणि बारावी योजना 2017 च्या मार्चमध्ये संपली ती शेवटचीच, मग योजनाच नाही तर पैसे कुठले? एवढ्या वर्षांत कायम पदं का भरली नाहीत असं विचारायला सवड लागते आणि मॅडमना कार्यभार आहेच.

वाचायला मराठीत काही देऊ नका हं. ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' 1882 लाच लिहून ठेवलंय, ते पोरीच्या हातात पडलं तर ती घरी नेईल, आईला वाचून दाखवेल, नसती भानगड. त्यापेक्षा इंग्रजी लेखाची झेरॉक्सची झेरॉक्स द्या, कडेची दोन-दोन अक्षरं उडालेली, म्हणजे विषय अवघड आहे असं पोरी आपणच म्हणतात.

नीरा देसाईंनी 1974 मध्ये मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात स्त्री अभ्यासाचं संशोधन केंद्र काढलं त्याला तेव्हा अर्थ असेल, आता आपल्याला कॉलेजचं मूल्यांकन करणारं नॅक आहे, त्यांना फोटो दाखवले की झालं. 8 मार्चला रांगोळी, पाककला, एखाद्या डॉक्टरीणबाईंचं हिमोग्लोबिनवर व्याख्यान, सूत्रसंचालन मॅडमचं, अध्यक्ष तुम्ही. फोटो जिओटॅगवालाच काढा, मागे बोर्ड दिसला पाहिजे, मागच्या वर्षी आमच्याकडे बोर्डापुढे नेमके सरच उभे राहिले आणि सगळ्यांना परत साड्या नेसून यावं लागलं.

एखादी पोरगी उठून विचारेलच, सर, आमच्या होस्टेलचं गेट साडेसातला बंद होतं आणि मुलांचं अकराला, यावर प्रोजेक्ट करू का? सिलॅबसमध्ये नाही म्हणून सांगा. फारच हट्टाला पेटली तर रांगोळीत उत्तेजनार्थ बक्षीस द्या आणि कार्यक्रम जरा लवकर आटपा, तिला साडेसातच्या आत पोचायचंय.