डर्ट बाईकचं पासिंग आणि पाणंदीतला कायदा

परदेशातले व्हिडिओ बघून आपल्याकडे एक समज पक्का बसलाय. डर्ट बाईक, म्हणजे मातीत उडवायला बनवलेली गाडी, घ्यायची, तिला हेडलाइट, आरसे आणि हॉर्न बसवायचा, आरटीओत न्यायची, की झालं पासिंग. ॲरिझोनात असं होतं, खरंय. ब्रिटनमध्ये तर हेडलाइट नसलेल्या बाईकलाही फक्त दिवसा चालवायच्या अटीवर तपासणीचा दाखला मिळतो. भारतात ही वाटच नाही. (कॅलिफोर्नियातही नाही बरं का. ऑफ-रोड म्हणून प्रमाणित झालेली बाईक तिथे नंतर रस्त्याची होत नाही.)

नवीन गाडीचं पासिंग करताना आरटीओ तुमचे आरसे बघायच्या आधी फॉर्म २२ मागतं. गाडी नियमांत बसते असं कंपनीने लिहून दिलेला हा कागद. वाहनांची चाचणी घेणाऱ्या एआरएआयसारख्या संस्थेकडून त्या मॉडेलला रस्त्यासाठी मान्यताच घेतलेली नसेल तर कंपनी तो देणार कुठून? कावासाकीची केएक्स २५० शोरूममधून रीतसर बिलावर मिळते, पण ट्रॅकसाठी. तिला सोन्याचे आरसे लावा, नंबर मिळणार नाही. मग काही महाभाग भंगारातल्या एखाद्या गाडीचे कागद तिला चिकटवतात. त्याला जुगाड म्हणू नका, तो सरळ फौजदारी गुन्हा आहे.

बरं, उलट बाजूने जावं, म्हणजे पासिंग झालेली गाडी घेऊन तिलाच डर्ट बाईक बनवावं, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गाडी घरी आली की आपल्या लोकांचा पहिला पाना साडी गार्डवर चालतो. पण मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं चाक झाकायची सोय हवी, हेही केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे. ट्रेलवर, म्हणजे रानातल्या कच्च्या वाटेवर, ते गार्ड झाडीत अडकतं, वाकतं, शिव्या खातं, सगळं मान्य. नियम आहे.

हीरोचं उदाहरण घ्या. त्यांच्या एक्सपल्स २०० या गाडीसाठी २०२० मध्ये त्यांनी रॅली किट, म्हणजे उंच सस्पेन्शन वगैरे भागांचा संच, काढलं, तेव्हा ते रस्त्यासाठी नव्हतं. २०२२ मध्ये तसाच संच कारखान्यातच बसवून रॅली एडिशन आणली आणि ती मात्र कायदेशीर. म्हणजे भाग जवळपास तेच, पाना कोणाच्या हातात होता एवढाच फरक. हा अन्याय आहे असं मला अजूनही वाटतं.

आता मुद्द्याचं. "आपण डांबरावर जातच नाही, मग नंबर कशाला?" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. कायद्यात सार्वजनिक जागा म्हणजे जिथे लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही वाट, मग ती रहदारीची असो वा नसो. मावळातली पाणंद, शिवरस्ता, देवळाकडे जाणारी गाडीवाट, सगळं त्यात येतं. बिननंबराची गाडी तिथे पकडली तर पहिल्या वेळी ५,००० पर्यंत दंड, दुसऱ्या वेळी वर्षापर्यंत कैदसुद्धा. पण दंड सोडा. पासिंग नाही म्हणजे थर्ड पार्टी विमा नाही. पाणंदीच्या वळणावर भारा घेऊन येणाऱ्या एखाद्या आजींना तुमचं हँडल लागलं, तर अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणात भरपाई तुमच्या खिशातून जाणार. आणि तुम्ही पळून गेलात, तर त्या आजींनी कुणाकडे बघायचं?

म्हणून माझं म्हणणं आहे की ट्रेलवरच्या गाडीला नंबर हवाच, आणि तो पोलिसांपेक्षा गावासाठी हवा. सह्याद्रीत मोकळं रान असं जवळपास काही नाही. कुणाचं तरी खाचर, कुणाचं गायरान, नाहीतर वनखातं. ज्या गावात पोरं ट्रेल सुरू होताच प्लेट काढून सॅकमध्ये टाकतात, ते गाव पुढच्या पावसाळ्यात वाटेवर काटेरी झाप टाकतं. बरोबर करतं. वर रिकामा सायलेन्सर असेल तर बघायलाच नको. आणि नंबर आहे म्हणून कोयना-भीमाशंकरच्या अभयारण्यात किंवा कासच्या पठारावर चाक घालायचा परवाना मिळत नाही, हेही डोक्यात असू द्या.

सरकारकडे मात्र मागणी करायलाच हवी. ट्रॅकच्या बाईकसाठी मर्यादित नोंदणी द्या: फक्त दिवसा, वेगाची मर्यादा, आवाजाची चाचणी, विमा सक्तीचा. ब्रिटनला जमतं ते चाकण-भोसरीच्या आसपास एवढा मोठा वाहनउद्योग असलेल्या आपल्या राज्यातून मागायला लाज कसली? दिल्लीला निवेदन जाताना खाली सह्या मात्र नंबर लपवणाऱ्यांच्या नकोत.

तोवर ज्याला खरंच ट्रेल करायचे आहेत त्याने पासिंग होणारी गाडी घ्यावी. कावासाकी केएलएक्स २३० डिसेंबर २०२४ मध्ये ३.३० लाखांना आली होती, इथेच बनायला लागल्यावर दोन लाखांच्या आत आली. एक्सपल्स त्याहून स्वस्त आणि तिचे पार्ट तालुक्याच्या गावी मिळतात. मी नवख्याला डोळे झाकून तीच सांगतो. केएक्स आधीच घेऊन बसला असाल तर छोटा हत्ती भाड्याने करा, गाडी त्यात चढवा आणि थेट बंदिस्त ट्रॅकवर उतरवा. मालकाला विचारून.