ऑगस्टमध्ये आम्ही चॅम्पियन होतो

टेक्सासात ऑगस्ट महिन्यात कुठल्याच हायस्कूलची फुटबॉल टीम हरत नाही. कारण सोपं आहे, मॅचेस सुरूच होतात महिनाअखेरीला. तोपर्यंत बाहेर चाळीस डिग्री आणि पालकांच्या डोक्यात त्याहून जास्त. आता डिसेंबर आलाय, २०२४ चा सीझन आटोपलाय, डोकी थंड झालीत, म्हणून बसून आठवतोय की आम्ही नेमकं कशाच्या जोरावर काय काय ठरवून टाकलं होतं.

आम्ही राहतो डॅलसच्या उत्तरेला. फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेट आणि खांद्यावर पॅडवाला. नियम पुष्कळ आहेत पण तुम्हाला एकच पुरे: क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा खेळ चालवणारा पोरगा, त्याच्या भरवशावर चार चान्समध्ये दहा यार्ड पुढे सरकायचं, तिसऱ्यापर्यंत नाही जमलं तर बहुतेक वेळा चौथ्याला बॉल लांब लाथाडून समोरच्याच्या हवाली करायचा. याला पंट म्हणतात. पंट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि शाळेचा खेळ म्हणून हसू नका. इथून जवळच अ‍ॅलन नावाचं गाव आहे, त्यांनी २०१२ मध्ये शाळेच्या टीमसाठी सहा कोटी डॉलरचं, १८ हजार लोक बसतील असं स्टेडियम बांधलं, दोन वर्षांत काँक्रीटला तडे गेले म्हणून बंद केलं, दुरुस्त केलं आणि परत भरवलं. दर उन्हाळ्यात 'डेव्ह कॅम्पबेल्स टेक्सास फुटबॉल' नावाचं जाडजूड मासिक येतं, १९६० पासून येतंय, त्यात राज्यभरातल्या शाळांच्या टीमची भाकितं असतात. दिवाळी अंकात लोक आधी वार्षिक राशिभविष्य उघडतात ना, अगदी तसंच, आपली रास वाचायची आणि बाकीचा अंक गाडीच्या मागच्या सीटवर फेकायचा.

आमच्या गावातल्या पेपरने आम्हाला डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे आसपासच्या शाळांच्या साखळीत, तिसरं धरलं होतं. बूस्टर क्लबच्या पहिल्या मीटिंगपर्यंत तिसऱ्याचं पहिलं झालं. बूस्टर क्लब म्हणजे पालकांचं मंडळ, वर्गणी गोळा करणं, बॅनर लावणं आणि मॅचला नाचोज नि अख्खीच्या अख्खी काकडी लोणचं म्हणून विकणं हे त्यांचं काम (सांगलीच्या माणसाला हे लोणचं विकताना काय वाटतं ते विचारू नका). एका पोराचे बाबा लॅपटॉप उघडून बसले, गेल्या वर्षी खेळलेली किती पोरं यंदा परत येतायत, त्यांची वजनं, कोण किती उचलतो, सगळं एक्सेलमध्ये. प्लेऑफला किती लांब जायचंय आणि हॉटेल कुठलं घ्यायचं इथपर्यंत चर्चा गेली. फक्त कोच गप्प. त्यांना कुणी काहीही विचारलं तरी उत्तर एकच, पोरं मेहनत करतायत, आम्ही एकेक मॅच बघू. आम्हाला वाटलं विनय आहे.

विनय कसला डोंबलाचा, त्यांना पटसंख्या माहीत होती. इथे यूआयएल म्हणून संस्था आहे, ती दर दोन वर्षांनी शाळांची मुलं मोजते आणि त्यावरून टीमचा गट ठरवते, वन-ए ते सिक्स-ए, साधारण २२०० च्या वर गेलात की सिक्स-ए, म्हणजे सगळ्यात दांडगे. आम्ही गेल्या वर्षी फाइव्ह-ए मध्ये छान जिंकलो होतो आणि फेब्रुवारीत थोडक्यात रेषेच्या वर सरकलो. आता ही मुलं वाढली कशी? तर शाळा चांगली आहे म्हणून हैदराबाद, पुणे, चेन्नईकडच्या लोकांनी इथे धडाधड घरं घेतली, त्यात आम्हीही आलो, आणि आमची सगळ्यांची पोरं गेली रोबोटिक्स, डिबेट नाहीतर बँडमध्ये. म्हणजे टीमला सिक्स-ए मध्ये ढकलायला आम्ही सगळे, आणि तिथे मार खायला मोजून चार पोरं. एक्सेलमध्ये हा कॉलम नव्हता.

त्या चारातलं एक आमचं. लाँग स्नॅपर. म्हणजे पंटच्या वेळी ओणवं व्हायचं आणि दोन पायांमधून बॉल मागे पंधरा यार्डांवरच्या पोराच्या हातात अचूक मारायचा. आजीला व्हिडिओ कॉलवर समजावलं तर ती म्हणाली, "अरे पण तोंड पुढं आणि बॉल मागं, त्याला दिसतंय काय?" पायातून बघतो म्हटल्यावर तिने विषय बदलला. बायकोची सगळी भिस्त वेगळ्याच गोष्टीवर होती. टेक्सासने १९८४ मध्ये नियम केलाय, विषयात ७० च्या खाली गेलात की खेळ काही आठवडे बंद. मराठी आईसाठीच केलेला वाटावा असा कायदा. चिरंजीवांचं गणित कच्चं असल्याने ती निर्धास्त होती, तर कधी नव्हे ते पोरगं ८१ काढून आलं.

सुरुवातीच्या तिन्ही मॅचेस जिंकलो. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, बॅनर अजून मोठा करायचं ठरलं. मग डिस्ट्रिक्टच्या सात सुरू झाल्या. समोरच्या शाळेची पोरं बसमधून उतरली तेव्हा मला वाटलं त्यांचे बाबा लोक आलेत. सातातली एक जिंकलो, तीही पावसात. आणि इथे आमच्या घराची फार चमत्कारिक अवस्था झाली, कारण टीम जितकी अडकणार तितके पंट जास्त, आणि पंट जास्त तितका आमचा हिरो मैदानावर जास्त. ऑगस्टची भाकितं खरी ठरली असती तर हे पोरगं चार महिने बेंचवर पाणी पीत बसलं असतं. आजूबाजूला सगळे कपाळाला हात लावून बसलेत आणि बायको माझा दंड धरून, "आला आला, आपला आला!" कोपऱ्यातल्या आज्जीबाई एकदा वळून बघायला लागल्या तेव्हा मी तिला खाली बसवलं. तिसरा चान्स फुकट गेला की मी चेहरा दुःखी ठेवून मोबाइलचा कॅमेरा चालू करायचो. अर्ध्या सीझनमध्ये चिरंजीव टीमचा सगळ्यात बिझी माणूस होते, स्थानिक पेपरात फोटो आला, अर्थात मागून.

परवा बॅंक्वेट झालं. कोरडं चिकन, प्रत्येकाला सर्टिफिकेट, कोचचं भाषण, पोरांनी मेहनत केली वगैरे. आमचं पोरगं बारावीत, म्हणजे आमचा संबंध संपला, यापुढे शुक्रवारी रात्री घरी बसून वरणभात खायला आम्ही मोकळे. शेजारच्या खुर्चीत ते एक्सेलवाले बाबा. त्यांनी चिकन बाजूला सारलं, पेपर नॅपकिन उलटा केला आणि पेनने आकडे मांडायला लागले, लाइनमधली, म्हणजे पुढे उभी राहून समोरच्यांना अडवणारी, चार पोरं परत येतायत, शिवाय ज्युनिअर टीम यंदा फार हरलेली नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी, नीट बघितलं तर...

मी उठायच्या बेतात होतो. बायको खुर्ची पुढे ओढून त्यांना विचारत होती, "पण क्वार्टरबॅक कितवीत आहे?"