माझ्या गाईचा भाव टॉवेलाखाली ठरला

२०२३ ची दिवाळी झाली आणि आम्ही एक गाय विकली. सरकारने ठरवलेला ३४ रुपयांचा दर तेव्हा कागदावरच होता. आमच्या गावात ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) दुधाला २७ रुपये मिळत होते आणि पेंडेचा भाव काही उतरत नव्हता. चारातली एक काढल्याशिवाय उरलेल्या तिघींना पोटभर घालणं जमेना.

दुसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) जातीची गाय, सहा दाती, विऊन महिना झालेला, दोन्ही वेळचं मिळून १८ लिटर. हे मला तोंडपाठ, कारण तिची धार मीच काढायचे. तिचा पुढचा डावा सड आखूड होता, तो चिमटीतच धरावा लागायचा. कोमट पाण्याने कास धुतल्याशिवाय ती पान्हवायची नाही.

बाजारात पोहोचलो तेव्हा उजाडलंही नव्हतं. एका व्यापाऱ्याने कास दाबून बघितली, दात बघितले आणि मला विचारलं, "वहिनी, मालक कुठंयत?" म्हटलं, मीच आहे. तो वाईट काही बोलला नाही, नुसता इकडेतिकडे बघत राहिला. कारण पुढचा सौदा हातात हात घेऊन, वर टॉवेल टाकून, बोटांच्या खुणांनी भाव सांगत करायचा असतो, आणि परक्या बाईचा हात भर बाजारात धरायचा कसा? शेवटी माझे धाकटे दीर पुढे झाले. टॉवेलाखाली बोटं दाबली गेली, दोनदा हात सुटला, दोनदा पुन्हा धरला. मी कासरा धरून शेजारी उभी. "झालं वहिनी," भाऊजी म्हणाले. किती झालं, ते मला पैसे मोजताना कळलं. ५८ हजार.

दावं मी सोडून घेतलं. जनावर द्यावं, दावं देऊ नये, असं आमच्याकडे मानतात. तासाभराने चहाला निघालो तर पलीकडच्या रांगेत तीच गाय, पाठीवर गुलाल, आणि तिच्यापुढे पुन्हा टॉवेल. सौदा झाल्यावर न राहवून मी घेणाऱ्याला विचारलं. ७१ हजार, म्हणाला.

भाऊजींना मी बोल लावत नाही. बोटांची ती भाषा व्यापाऱ्याच्या रोजच्या वापरातली, आमच्यावर ती वेळ पाच-सहा वर्षांतून एकदा येते. व्यापाऱ्याने चार पैसे कमवावेत, त्यालाही माझी हरकत नाही. गाडीभाडं, जोखीम, पडून राहिलेलं जनावर, सगळं तो सोसतो. माझं भांडण त्या टॉवेलाशी आहे.

आमच्याच जिल्ह्यात कांद्याचा लिलाव उघड होतो. गोण्या फोडून माल समोर ओततात, बोली मोठ्याने होते, शेजारच्या वक्कलाला (ढिगाला) काय भाव गेला ते सगळ्यांना ऐकू येतं. परवडलं नाही तर शेतकरी माल परत नेतो. बाजार समित्यांच्या १९६३ च्या कायद्यात कांदाही आहे आणि जनावरंही आहेत. मग दहा-वीस हजारांच्या कांद्याला जो उजेड मिळतो, तो लाखाच्या गाईला का मिळू नये?

यावर एक जुनं उत्तर मी खूपदा ऐकलंय. अडचणीत जनावर विकणाऱ्याची लाज हत्त्यात, म्हणजे या टॉवेलाखालच्या सौद्यात, झाकली जाते, भाव चारचौघांत कळला तर उधारी मागणारे दारात येतात. हे खोटं नाही, मी तशी माणसं बघितली आहेत. पण त्याची नड व्यापाऱ्याला आधीच कळलेली असते. झाकलं जातं ते फक्त इतरांपासून, आणि मदत झाली असती तर ती इतरांचीच.

या आंधळ्या व्यवहाराची झळ गाईलाही बसते. कास भरलेली दिसावी म्हणून काही जण आदल्या संध्याकाळची धार काढतच नाहीत. तटतटलेल्या कासेने गाय टेम्पोत उभी राहते, पाय फाकवून चालते, आणि घेणाऱ्याच्या गोठ्यात गेल्यावर दगडी होते, म्हणजे कास सुजून कडक होते. गोठ्यावर विकताना घेणारा दोन्ही वेळच्या धारेला समोर बसतो, तिथे ही लबाडी चालत नाही. मग बाजारात एक शेड, धार मोजायला एक वजनकाटा आणि मुक्कामाची सोय का होऊ नये? गावोगावच्या संकलन केंद्रावर काटा आहे, फॅटचं मशीन आहे. १ जून २०२४ पासून कानात बिल्ला नसेल तर बाजारात जनावर विकता येत नाही. बिल्ल्यावरच्या त्याच बारा आकडी नंबरावर वेत, दूध आणि लसीकरण लिहून फलकावर लावा. मग बोली मोठ्याने होऊ द्या. ती बाईलाही लावता येईल.

आमच्या बाजार समितीला द्यायचा अर्ज मी लिहून ठेवलाय. गावातल्या अकरा जणींनी सह्या केल्यात, त्यातल्या सात जणी एकट्या गोठा सांभाळतात. येत्या सोमवारी अकरा वाजता जाणार आहोत. आपल्या तालुक्यातल्या कुणाला यायचं असेल तर खाली लिहा, आमच्या टेम्पोत जागा आहे.