‘पैसे घेऊन थापा मारतात’ या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

आपला रिव्ह्यू वाचला. आपल्या आईंना उन्हात उभं राहावं लागलं, बसायला जागा मिळाली नाही, याबद्दल मनापासून क्षमा मागते. जूनमधलं रोमचं ऊन साधं नसतं, आणि टर्मिनी स्टेशनबाहेरच्या त्या जुन्या तटाच्या भिंतीपाशी सावली नाही. त्याबद्दल काय करणार आहे ते पुढे लिहिलंय.

पण आपण एवढ्यावर थांबला नाहीत. आपण लिहिलंय, “असं झालं असतं तर, या नावाखाली ही बाई मनाला येईल ते सांगते. हॅनिबल रोमच्या वेशीपर्यंत आला होता म्हणाली. मुलाने तिथल्या तिथे मोबाइलवर बघितलं, हॅनिबल कधीच रोमवर चालून गेला नाही. पैसे घेऊन थापा मारतात. एवढ्या पैशात बसने अख्खं रोम झालं असतं.”

बसचं म्हणणं खरं आहे, त्यावर मी वाद घालत नाही. माझी ‘असं झालं असतं तर’ ही रोमच्या इतिहासाची फेरी पायी आहे, ती प्रत्येकाला आवडेल असं नाही. पण ‘थापा’ हा शब्द माझ्या पोटावर येतो. रोममध्ये मराठीतून फेरी करणारी मी एकटी बाई, माझ्यामागे कुठली मोठी कंपनी नाही. माणसं येतात ती अशीच चार लोकांचे रिव्ह्यू वाचून. आपला रिव्ह्यू वर दिसायला लागल्यापासून ठरलेली एक बुकिंग रद्द झाली, कारण विचारलं तर त्यांनी आपलंच वाक्य मला पाठवलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या चिरंजीवांनी जे वाचलं ते चूक नाही. फक्त ते साल वेगळं आहे. हॅनिबल हा रोमचा शत्रू असलेल्या कार्थेजचा सेनापती. त्याने रोमनांचा धुव्वा उडवला ती कॅनीची लढाई झाली इ. स. पू. २१६ च्या ऑगस्टमध्ये, इटलीच्या आग्नेय भागात. रोमन इतिहासकार लिव्ही त्या एका दिवसात मेलेल्या रोमनांचा आकडा ४८,००० च्या घरात देतो, ग्रीक इतिहासकार पॉलिबियस तर ७०,००० देतो. त्यानंतर हॅनिबल रोमवर गेला नाही. त्याचा घोडदळाचा सरदार महरबल त्याला म्हणाला, तुला जिंकता येतं, जिंकल्याचा उपयोग करता येत नाही. ही लिव्हीने दिलेली हकिगत मी भिंतीपाशी सांगितली, तेव्हा चिरंजीव आमच्यात होते. मग त्यांनी मोबाइल काढला.

त्यानंतरचा भाग त्यांच्या कानावर पडला नसावा. पाच वर्षांनी, इ. स. पू. २११ मध्ये, हॅनिबलला जाऊन मिळालेल्या कापुआ शहराला रोमनांनी वेढा घातला होता. तो वेढा सुटावा, रोमन सैन्य राजधानी वाचवायला माघारी पळावं, म्हणून हॅनिबल थेट रोमकडे निघाला. आनिओ नदीपाशी, शहरापासून तीन रोमन मैलांवर त्याने तळ दिला आणि २,००० घोडेस्वार घेऊन रोमच्या कोलाइन नावाच्या वेशीपर्यंत येऊन तटबंदी पाहून गेला. ती वेस होती तिथे आज अर्थमंत्रालयाची इमारत आहे, आपण उभे होतो तिथून पायी जेमतेम पंधरा मिनिटं. लिव्ही असंही सांगतो की ज्या जमिनीवर हॅनिबलचा तळ पडला होता, तीच जमीन त्या दिवसांत रोममध्ये विकली गेली आणि किंमत एका पैशानेही उतरली नाही. शत्रू दाराशी आणि हे लोक जमिनीचा व्यवहार करताहेत! ही गोष्ट सांगताना दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो, आणि त्याच गोष्टीसाठी मला थापाडी म्हटलं गेलं.

आता त्या ‘पडक्या भिंतीपुढे’ मी एवढा वेळ का घेतला, तेही सांगते. ती भिंत हेच उत्तर आहे. गॉल लोकांनी रोम लुटल्यानंतर, इ. स. पू. चौथ्या शतकात, टुफा या ज्वालामुखीच्या मऊ दगडाचे चिरे एकावर एक रचून ती बांधली. सगळ्या शहराभोवती मिळून सुमारे ११ किलोमीटर. स्टेशनच्या तळमजल्याखाली बर्गरच्या दुकानातसुद्धा तिचे तुकडे उभे आहेत. कॅनीनंतर हॅनिबल लगेच निघाला असता तरी रोम ४०० किलोमीटरवर होतं, आणि पुढे ही भिंत. त्याच्याकडे वेढ्याची यंत्रं नव्हती. स्पेनमधलं सागुंतम हे रोमच्या मानाने छोटं शहर घ्यायला त्याला आठ महिने लागले होते. इकडे रोमनांनी काय केलं? सरकारने ८,००० गुलाम विकत घेऊन त्यांना हत्यारं दिली, देवळांत टांगलेली जुनी लुटीची शस्त्रं उतरवली, पकडलेल्या स्वतःच्याच सैनिकांची खंडणी द्यायला नकार दिला, आणि हॅनिबलच्या दूताला शहरात पाऊल टाकू दिलं नाही. म्हणून माझं मत असं, आणि ते ‘माझं मत’ म्हणूनच मी सांगितलं, की २१६ मध्ये हॅनिबल आला असता तरी रोम पडलं नसतं. फार तर भिंतीबाहेर त्याचा तळ बघून रोमची लॅटिन मित्रशहरं डगमगली असती. खरा धोका तिथे होता. कापुआ तर कॅनीनंतर फुटलंच होतं.

यात मनाला येईल ते काय आहे? घडलेलं कुठे संपतं आणि माझा तर्क कुठे सुरू होतो, हे मी प्रत्येक थांब्यावर बोलून दाखवते. आपल्या गटातल्या ज्येष्ठांनीच वाटेत मला विचारलं होतं, थोरले माधवराव सत्ताविसाव्या वर्षी गेले नसते तर? मग ते आणि आपण पानिपतापर्यंत गेलात आणि पुढचे दोन थांबे त्यावरच बोलत होतात. मला फार बरं वाटलं होतं. आपण आपल्या इतिहासाबद्दल असं बोलतो तेव्हा त्याला कोणी थापा म्हणत नाही. आणि ही खोड आजकालची नाही. लिव्हीने स्वतः, दोन हजार वर्षांपूर्वी, आपल्या इतिहासाच्या नवव्या खंडात मध्येच थांबून विचारलंय की सिकंदर पूर्वेऐवजी इटलीकडे वळला असता तर रोमचं काय झालं असतं. त्याने रोमच्याच बाजूने कौल दिला, ते सोडा. पण सेनापती कोण होते, सैन्य किती होतं, एक राजा मेला तर काय आणि दर वर्षी निवडला जाणारा एक कॉन्सल मेला तर काय, याची फोड करून दिला. माझी फेरी त्याच रीतीची आहे.

सीझरच्या थांब्याबद्दल आपण लिहिलंय की “शेवटी उत्तर दिलंच नाही”. तिथे खात्रीने एकच उत्तर दिलं असतं तर ती थाप झाली असती. इ. स. पू. ४४, १५ मार्च, लार्गो अर्जेंटिना चौकातल्या त्या खड्ड्याच्या टोकाला पॉम्पी या सेनापतीने बांधलेलं सभागृह, तिथे सीझरचा खून झाला. तीन दिवसांनी, १८ तारखेला, सीझर पार्थियाच्या, म्हणजे इराणकडच्या साम्राज्याच्या, मोहिमेवर निघणार होता. इतिहासकार अप्पियन १६ लिजन (रोमन पायदळाच्या मोठ्या तुकड्या) आणि १०,००० घोडदळाचा आकडा देतो. चरित्रकार प्लुटार्क म्हणतो की पार्थिया जिंकून कॅस्पियनच्या कडेने, कॉकेशसवरून, जर्मनीतून फिरून गॉलमार्गे परत यायचा त्याचा बेत होता. वय ५५. हे सगळं मी सांगितलं आणि त्याच पार्थियनांपुढे कार्हीच्या मैदानात क्रॅसस या रोमन सेनापतीची काय गत झाली तेही सांगितलं. सीझर तिथे मेला असता की जिंकून आला असता, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं. मला स्वतःला वाटतं, तो परतला नसता.

राहिला ट्राजनचा स्तंभ. तो थांबा मी खास आपल्या लोकांसाठी ठेवलाय, आणि आपल्या रिव्ह्यूत त्याचा उल्लेखही नाही याचं वाईट वाटलं. इ. स. ११६ च्या सुमारास रोमन सम्राट ट्राजन इराणच्या आखाताच्या तोंडाशी पोचला. तिथे हिंदुस्थानाकडे निघालेलं एक जहाज पाहून तो म्हणाला की मी तरुण असतो तर नक्की तिकडे गेलो असतो. हे इतिहासकार डिओ कॅसियसने लिहून ठेवलंय. आला असता तर? रोमन व्यापारी तर भडोच आणि कल्याणच्या बंदरांत आधीच ये-जा करत होते, कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती निघाली, ती आजही तिथल्या संग्रहालयात आहे. पण माल येणं वेगळं आणि फौज येणं वेगळं. जिंकलेल्या मेसोपोटेमियात बंड उठलं होतं, इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेतल्या सायरीनमध्ये ज्यूंचा उठाव चालू होता, ट्राजन साठी ओलांडलेला आणि आजारी. पुढच्याच वर्षी वाटेत तो गेला, आणि त्याच्यानंतरचा सम्राट हेड्रियनने पूर्वेकडचे नवे प्रांत सोडून दिले. सातवाहनांशी त्याची गाठ पडली नसती, असं मी म्हणाले तेव्हा आपल्या आईंनी मान डोलावली होती.

उशिराबद्दल मी लिहिणार नव्हते. पण आपण ‘शेवट घाईत उरकला’ असं म्हणता म्हणून सांगते, आपला गट हॉटेलचा नाश्ता आटोपून आला तेव्हा ठरलेली वेळ बरीच उलटून गेली होती, आणि दुपारी मला दुसरं कुटुंब होतं. तरीही मी एकही थांबा गाळला नाही.

बदल म्हणाल तर करते आहे. उन्हाळ्यात भिंतीचा थांबा सकाळी लवकर घेण्याचा विचार आहे, ज्येष्ठांसाठी घडीच्या एक-दोन खुर्च्या बरोबर ठेवीन, आणि घडलेलं काय व तर्क काय याचा एक कागद छापून द्यावा असं मनात आहे. जमेल तसं करीन.

दोन स्टार तसेच ठेवायचे असतील तर ठेवा, उन्हाचे ते माझ्याकडे लागू आहेत. फक्त ‘थापा’ हा शब्द काढावा, एवढी विनंती. आणि चिरंजीवांना सांगा, लिव्हीचा सव्विसावा खंड, प्रकरण नऊ ते अकरा. इंटरनेटवर फुकट मिळतो.

आपली,
फेरीची संचालिका