कवचाचा माल थेंबाच्या आतूनच येतो

तेलाच्या सूक्ष्म थेंबांभोवती सिलिकाचं, म्हणजे काचेतल्या मुख्य पदार्थाचं, कवच बनवण्यावरचा लेख मनापासून आवडला, पण 'तेलाच्या थेंबावर सिलिकाचा थर बाहेरून रंगासारखा चढतो' हे वाक्य खटकलं. इमल्शनच्या, म्हणजे पाण्यात तेलाचे बारीक थेंब विखुरलेल्या मिश्रणाच्या, नेहमीच्या पद्धतीत बरेचदा उलटंच घडतं. टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट हा सिलिकाचा कच्चा माल आधीच तेलात विरघळवलेला असतो. थेंबाच्या कडेला त्याची पाण्याशी गाठ पडली की त्याच्या रेणूला जोडलेले इथॉक्सी गट (अणूंचे लहान समूह) एकेक करून सुटतात, इथेनॉल बाहेर पडतं आणि एरवी पाण्याला दूर ठेवणाऱ्या त्या रेणूला पाण्याची ओढ लागते. मग तो सीमेवर थांबतो आणि शेजाऱ्यांशी जोडला जाऊन जाळं विणतो.

यात सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) फार महत्त्वाचा, आणि लेखात त्याचा उल्लेखच नाही! आम्लात जलअपघटन, म्हणजे पाण्यामुळे हे गट सुटणं, भरभर होतं, पण जोडणी मागे पडते. अमोनिया घातला की जोडणी वेग घेते. साधारण २ च्या वरच्या सामूला सिलिकावर ऋण प्रभार असतो, म्हणून सीटॅबसारखा धनप्रभारित सर्फॅक्टंट (साबणासारखा, तेल-पाण्याच्या सीमेवर बसणारा पदार्थ) थेंबाभोवती असेल तर सिलिका तिथेच खेचली जाते. हे साधलं नाही तर सिलिकाचे कण पाण्यातच तयार होतात. मी हे पाहिलं आहे: बाटलीच्या तळाशी पांढरी भुकटी आणि सूक्ष्मदर्शकाखाली थेंब तसेच उघडे.

कवच धरलं तरी ते पातळ असेल आणि आतलं तेल उडून जाणारं असेल, तर काचपट्टीवर वाळताना ते हवा गेलेल्या चेंडूसारखं एका बाजूने आत बसतं. जाडीबद्दलही पुढच्या लेखात जरूर लिहा.